भुवईचं दुखणं आणि दिव्यांभोवतीची कडी

पत्र :

स. न. वि. वि.
मी इंदूरच्या सुदामानगरात राहते, वय ५४. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दोन-तीन महिन्यांपासून उजव्या भुवईत दुखून राहिलंय. मशीनवर बसलं की संध्याकाळपर्यंत डोळा जड होतो, मागे मानेपर्यंत ओढ लागते. शेजारच्या भाभी म्हणतात साइनस आहे, म्हणून रोज रात्री सर्दीची गोळी घेते. जाऊबाई म्हणतात अर्धशिशी. चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला, थोडा वाढलाय म्हणाले. चष्मा मला शाळेपासूनच आहे, प्लसचा, जाड भिंगाचा. मेडिकलवाल्या भैयांनी थेंब दिले, त्यांनी लाली जाते पण दुखणं जात नाही.
अनंत चतुर्दशीला मिरवणुकीतल्या झांक्या बघायला गेलो होतो, तेव्हा मात्र फार झालं. सगळ्या लाइटींभोवती रंगीत कडी दिसायला लागली, डोळा ठणकला, उलटी झाली. बाहेरचं खाल्लं होतं, ॲसिडिटी असणार. घरी येऊन झोपले, सकाळी एकदम ठीक. असं त्याआधीही एकदा झालं होतं, लाइट गेली होती आणि मी इमर्जन्सी दिव्यावर हातशिलाई करत बसले होते तेव्हा. माझ्या आईचा एक डोळा उतारवयात गेला, तिचंही डोकं दुखायचं. मुलगा डॉक्टरकडे चल म्हणतो, पण दिवाळीची शिलाई हातात आहे. हे साइनस आहे की नंबर, तेवढं सांगा. आणि तोवर डोळ्यांत गुलाबजल घालू का?

उत्तर :

ताई, शिलाई दोन दिवस बाजूला ठेवा आणि उद्या-परवाकडेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. चष्म्याच्या दुकानात नाही, डॉक्टरांकडे. सर्दीची गोळी आज रात्रीपासून बंद. मेडिकलमधून आणलेले थेंबही बंद, पण बाटली फेकू नका, ती सोबत न्यायची आहे. आता सावकाश बोलू.

तुम्ही भुवईबद्दल एवढं लिहिलंत, आणि खरी बातमी ॲसिडिटीच्या ओळीत घालून टाकलीत. आपल्या इंदुरात उलटी झाली की आळ आधी कचोरीवर येतो. पण दिव्यांभोवती रंगीत कडी, डोळ्यात ठणका, मळमळ आणि झोपून उठल्यावर सगळं साफ, या चार गोष्टी एकाच रात्री एकत्र आल्या तर नेत्रतज्ज्ञाच्या मनात पहिलं नाव काचबिंदूचं येतं. तोही हळूहळू, न दुखता नजर खाणारा नेहमीचा काचबिंदू नाही. झटक्यानं येणारा, कोन बंद होण्याचा. पत्रावरून निदान होत नाही, मीही करत नाहीये. पण ही शंका आधी फेटाळली गेली पाहिजे, साइनस-नंबरचा वाद त्यानंतर.

डोळ्याच्या आत, बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे, सतत थोडं थोडं पाणी तयार होत असतं. हे अश्रू नव्हेत, ते बाहेरचे. हे आतलं पाणी बाहुलीतून पुढच्या भागात येतं आणि जिथे रंगीत पडदा आणि पुढची पारदर्शक काच एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यातून निथळून जातं. डॉक्टर त्या कोपऱ्याला कोन म्हणतात. तयार होणारं आणि निथळणारं पाणी बरोबरीत असलं की डोळ्याचा दाब साधारण पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरमध्ये राहतो. काहींचा कोन मुळातच अरुंद असतो. त्यात बाहुली अर्धवट मोठी झाली की पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, मागे अडकलेलं पाणी त्याला पुढे ढकलतं, आणि मोरीच्या जाळीवर ओलं फडकं येऊन बसावं तसा तो कोनावर बसतो. पाणी तुंबतं. दाब ४०, ५०, कधी त्याहूनही वर जातो. पुढच्या काचेत पाणी शिरून ती किंचित सुजते, आणि तिच्यातून बघितलं की प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतं. उलटीचं कारणही तेच. इतक्या दाबानं दुखावलेल्या डोळ्यातून निघणाऱ्या संवेदना पोटाच्या नसांपर्यंत पोचतात. म्हणून असे कितीतरी रुग्ण आधी पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन येतात.

आता तुमचे दोन्ही प्रसंग बघा. एकदा लाइट गेलेली, मंद दिवा, मान खाली घालून हातशिलाई. दुसऱ्यांदा रात्रीची वेळ, रस्त्यावर अंधार आणि पुढे झगमगती झांकी. दोन्ही वेळा बाहुली मोठी होण्याजोगा उजेड. पहिल्या वेळी तर चेहराही जमिनीकडे. पूर्वी संशयित रुग्णाला अंधाऱ्या खोलीत पालथं झोपवून डोळ्याचा दाब वाढतो का हे तपासत, म्हणजे तुम्ही नकळत ती तपासणी घरीच करून घेतलीत. मग झोपलात आणि बरं वाटलं. झोपेत बाहुली बारीक होते, पडदा ताणला जाऊन कोनावरून बाजूला सरकतो, तुंबलेलं पाणी वाहून जातं. तुमची कचोरी निर्दोष सुटते ती इथे. ॲसिडिटी झोपेनं उतरली तरी दिव्यांभोवती रंग दाखवत नाही.

शाळेपासूनचा प्लसचा चष्मा हाही धागा त्यातलाच. चाळिशीनंतर वाचायला लागणारा प्लस सगळ्यांनाच येतो, त्याचं काही नाही. लहानपणापासून प्लस असलेला डोळा मात्र आकारानं लहान असतो, त्यातली जागा कमी असते. वयानुसार आतलं भिंग जाड होत जातं आणि आधीच कमी असलेली जागा आणखी घटते. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत हा प्रकार पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, आणि आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा जास्त. त्यात आईचा डोळा. ‘डोकं दुखायचं आणि एक डोळा गेला’ हे वाचून मी थांबले. त्या काळी अशा दुखण्याला घरोघरी अर्धशिशीच म्हणत. त्यांना काय झालं होतं हे आज कळणार नाही, पण डॉक्टरांना हे न विचारता सांगा. काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो. तुम्हाला बहीण-भाऊ असतील तर त्यांनीही डोळे तपासून घ्यावेत.

सर्दीच्या गोळीचा मला खरं तर राग आला. भाभींचा नाही, गोळीचा. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन ही दोन औषधं असतात. एक नाक मोकळं करतं, दुसरं शिंका थांबवतं, आणि दोन्ही बाहुली थोडी मोठी करू शकतात. अरुंद कोनाच्या डोळ्याला नेमकं हेच नको असतं. काही पाकिटांवर बारीक अक्षरांत काचबिंदूबद्दल इशारा छापलेलाही असतो, पण तो वाचायला आधी डोळे धड हवेत. म्हणजे नसलेल्या साइनससाठी घेतलेली गोळी असलेल्या दुखण्याला खतपाणी घालत असू शकते. मेडिकलच्या थेंबांची गोष्ट वेगळी नाही. लाली झटपट घालवणारे थेंब दोन प्रकारचे. एका प्रकारात रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं, तेही बाहुलीवर काम करतं. दुसऱ्यात स्टेरॉइड असतं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर ते. स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे घातलं तर काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि डोळ्याला जंतूंची किंवा बुरशीची जखम असेल तर ती आतल्या आत फोफावते. दुकानदार भला माणूस असेल, पण त्याच्याकडे डोळ्याच्या आत बघायचं यंत्र नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य भुवईबद्दल बोलू नका. ‘अंधारात दोनदा दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली, डोळा ठणकला, एकदा उलटी झाली, झोपल्यावर गेलं,’ हे वाक्य आधी. आणि हे सगळं बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याच्या आधी सांगा, कारण तपासणीच्या खोलीबाहेर बसलेल्या रुग्णांना मदतनीस सरसकट ते थेंब घालत जातात. तुमच्या बाबतीत आधी कोन बघितला पाहिजे. त्या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. डोळा बधिर करायचा एक थेंब घालतात, हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवायला सांगतात, खोली अंधारी करतात आणि आरसे बसवलेलं एक छोटं भिंग डोळ्याला हलकेच टेकवतात. दुखत नाही, नुसतं काहीतरी थंड लागल्यासारखं वाटतं. दोन-तीन मिनिटांत दोन्ही डोळे होतात. जेल लावलं असेल तर थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून मुलाला सोबत न्या, स्कूटी स्वतः चालवू नका.

एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा. दोन झटक्यांच्या मध्ये डोळ्याचा दाब अगदी नॉर्मल येऊ शकतो. हवेच्या फुंकरीनं दाब मोजला, १६ आला, म्हणून निश्चिंत होऊन घरी येऊ नका. ‘कोन बघितला का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही.

कोन अरुंद निघाला तर बहुतेक वेळा लेझरनं रंगीत पडद्याच्या कडेला एक बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पाण्याला बाहुलीशिवाय दुसरी वाट मिळते. दाखल व्हावं लागत नाही. आधी बाहुली बारीक करणारे थेंब घालतात, आणि गंमत अशी की त्या थेंबांनीच काही तास भुवई दुखते. तेव्हा ‘हेच तर घेऊन आले होते’ म्हणून घाबरू नका. दुसऱ्या डोळ्याचा कोनही सहसा तसाच असतो, त्यामुळे त्यालाही लेझर सुचवतील. भिंग जाड झालं असेल, मोतीबिंदूची सुरुवात असेल, तर काही डॉक्टर भिंगच बदलायचा सल्ला देतात. तोही योग्य मार्ग आहे. कोनाला त्यानं भरपूर जागा मिळते.

आणि तपासणीच्या आधीच पुन्हा तसा झटका आला तर? यावेळी झोपायचं नाही. अंधार करून, डोळ्यावर ओली पट्टी ठेवून पडायचं तर मुळीच नाही. सरळ रिक्षा करून जवळच्या डोळ्यांच्या रुग्णालयात, रात्र असेल तर एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. दोनदा आपोआप सुटलं म्हणून तिसऱ्यांदा सुटेल असं नाही, आणि न सुटलेल्या दाबाखाली डोळ्याची नस काही तासांतही कायमची दुखावू शकते.

आता भुवई. तुमच्या पत्रात दोन दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकात मिसळली आहेत. झटक्याचं वेगळं. रोज मशीनवर बसल्यावर संध्याकाळी येणारं, जडपणाचं, मानेपर्यंत ओढणारं वेगळं. हे दुसरं बहुधा साधं निघेल. कपाळ, भुवई, वरची पापणी, बुबुळ, नाकाचं टोक या सगळ्यांची संवेदना एकाच नसेच्या पहिल्या फाट्यातून मेंदूत जाते, आणि मानेच्या वरच्या मणक्यांतून येणाऱ्या नसाही मेंदूत त्याच केंद्राशी जोडलेल्या असतात. त्यामुळे मान अवघडली तरी दुखतं डोळ्यामागे. दिवसभर सुईच्या टोकावर नजर ठेवून बसलात, पापणी कमी लवली, डोळा कोरडा पडला, चष्मा जुना, उजेड डाव्या खांद्यामागून येण्याऐवजी समोरच्या ट्यूबलाइटचा. एवढ्यानं कुणाचीही भुवई दुखेल. मशीनजवळ चांगला दिवा लावा, दर वीस मिनिटांनी उठून खिडकीबाहेर लांबचं काहीतरी बघा, नवा नंबर डॉक्टरांकडूनच पक्का करून घ्या. दुकानात घाईनं चष्मा करू नका, कारण दाब वर-खाली होत असताना नंबरही फसवतो.

भाभींचं साइनस नसेलच असं मी म्हणत नाही. पण त्यात नाक चोंदतं, घट्ट पिवळा शेंबूड येतो, कधी ताप येतो, सकाळी उठल्यावर आणि खाली वाकल्यावर दुखणं वाढतं. तुमच्या पत्रात नाकाचा उल्लेखच नाही. एका बाजूचं डोकं दुखलं की साइनस म्हणायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. त्यातले पुष्कळ जण खरे अर्धशिशीचे असतात. आणि जाऊबाईंची अर्धशिशी? ती सहसा तरुणपणी सुरू होते, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत छळते, उजेड-आवाज सोसवत नाही. तिच्यातही उलटी होते आणि झोपेनं बरं वाटतं, म्हणूनच गल्लत होते. पण जिला आयुष्यात कधी तसं दुखलं नाही तिला चौपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा दुखलं, तर अर्धशिशी म्हणून सोडून द्यायचं नसतं.

डोळा किती दुखतोय यावरून घाबरायचं की नाही हे ठरवता येत नाही. रांजणवाडीनं माणूस रडकुंडीला येतो, आणि ती कोमट पाण्याच्या घडीनं चार-आठ दिवसांत बसते. डोळ्यात कण गेला तर जीव नकोसा होतो. उलट काही धोक्याची दुखणी मुकाट असतात. बघायचं ते दुखण्यासोबत काय आलंय ते. नजर धूसर झाली का? उजेड सोसवत नाही का? पापणी अचानक खाली पडली, एकाचे दोन दिसायला लागले? तर त्याच दिवशी डॉक्टर. पोराच्या पापणीला सूज, ताप आणि डोळा पुढे आल्यासारखा दिसत असेल, तर रात्र काढायची नाही. कपाळाच्या एकाच बाजूला जळजळ होऊन पाण्याच्या पुळ्या आल्या तर ती नागीण. पुळी नाकाच्या शेंड्यावर आली तर डोळ्यालाही धोका असतो, आणि गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. तरुण मुलीला डोळा फिरवताना मागे दुखतं आणि लाल रंग एका डोळ्यानं फिका दिसतो, तर नसेची सूज असू शकते. आणि पन्नाशीपुढच्या माणसाचं कानशील दुखतंय, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळते, पोळी चावताना जबडा थकतो, तर रक्तवाहिनीच्या सुजेची शंका घेऊन त्याच दिवशी रक्त तपासतात, कारण त्यात नजर एका रात्रीत जाऊ शकते. ही शेवटची ओळ सासू-सासऱ्यांसाठी लक्षात ठेवा. म्हातारी माणसं जबड्याचं दुखणं दातांवर ढकलून मोकळी होतात.

गुलाबजलाचं राहिलं. नको. बाजारातलं गुलाबजल चेहऱ्यासाठी असतं, निर्जंतुक नसतं. मध, तूप, धन्याचं पाणी यांनाही तेच उत्तर. डोळे कोरडे पडत असतील तर डॉक्टर अश्रूंसारखे साधे थेंब लिहून देतील, ते घाला.

दिवाळीच्या शिलाईचं गणित मला कळतं. तपासणीला अर्धा दिवस जाईल. लेझर लागलं तरी बहुतेक बायका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मशीनवर बसतात, फक्त काही दिवस डॉक्टरांनी दिलेले थेंब घालायचे आणि सांगितलेल्या दिवशी दाब पुन्हा मोजून घ्यायचा. घाईची चार गिऱ्हाइकं असतील त्यांना आजच फोन करून टाका. आणि रात्रीचं, लाइट गेलेली असतानाचं हातकाम कोन तपासून होईपर्यंत मुळीच हातात घेऊ नका. काज-बटणं दिवसा, दारातल्या उजेडात.